स्लॅबच्या दिवशी मामांचं पाणी बिघडलं

स्लॅब पडायचा होता म्हणून मी सकाळी सगळ्यांच्या आधी न्हाऊन तयार झाले होते. मला काही घमेलं उचलायचं नव्हतं, पण स्वतःच्या लग्नातसुद्धा मी इतकी घाई केली नव्हती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. इंदिरानगरात तेव्हा घरं थोडी आणि शेतं जास्त. आमच्या प्लॉटच्या एका अंगाला टोमॅटोचा मळा होता, दुसऱ्या अंगाला कुणीतरी तारेचं कुंपण घालून नुसतीच सोडलेली जागा. मधे आमच्या भिंती उभ्या, वर सेंट्रिंगच्या फळ्या आणि त्यांवर सळयांची जाळी. त्या जाळीवर काँक्रीट पडलं की छप्पर, आणि छप्पर आलं की घर. आमच्या घराण्यात शहरात स्वतःचं घर बांधणारे आम्ही पहिलेच.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा प्राथमिक शाळेतले मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी हरसूलकडच्या डोंगरातल्या शाळांवर काढली होती. बदलीच्या गावी खोली मिळायला त्यांना नेहमी वेळ लागायचा. का लागतो ते सगळ्यांना ठाऊक असायचं, तोंडाने कुणी बोलायचं नाही. म्हणून घराचा त्यांना फार सोस. पाया खणला त्या दिवशी त्यांनी स्वतः बुद्धवंदना म्हटली, आणि ती संपल्या संपल्या गवंड्याला ओळंबा कसा धरायचा ते समजावून सांगितलं. गवंडी बिचारा मान हलवत राहिला.

पण मामांना जलोदर होता. हरसूलकडे असताना त्यांना जबरदस्त कावीळ झाली होती, तिने आतून काय केलं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. लिव्हर कडक होऊन आकसली होती. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं. फार फुगलं, दम लागायला लागला, की आम्ही त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचो आणि तिथं सुई घालून पोटातलं पाणी काढायचे. लोक बघायचे आणि मनात काय समजायचं ते समजायचे. मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, उलट वस्तीवरच्या बायांना घेऊन भट्ट्या बंद करायला गेलेला माणूस तो. पहिल्या खेपेला तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, किती वर्षं घेताय? मामा म्हणाले, चहा ना? लहानपणापासून. बाई हसल्या, आणि तेव्हापासून दोघांचं जमलं.

ह्या डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. मामांना न्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं, कारण हे कचेरीत कारकून आणि आत्यांना दवाखान्याच्या वासाने मळमळायचं. मामांचा बिनमिठाचा स्वयंपाकही मीच करायची. माझं माहेर सटाण्याकडचं, तिकडची भाषा अहिराणी. मामा ताटावर बसले की मुद्दाम माझ्या माहेरच्या भाषेत विचारायचे, "आज काय शे?" आणि पहिला घास घेतला की डोळे मिटून म्हणायचे, काहीच नाही शे.

एकदा पाणी काढून झाल्यावर डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मीठ तर तू सांभाळतेसच. आणखी एक लक्षात ठेव. ताप आला, पोट दुखायला लागलं किंवा ह्यांचं बोलणं भलतीकडे जायला लागलं, तर उद्यावर ढकलायचं नाही. पोटातलं पाणी बिघडू शकतं." पोटातलं पाणी कसं बिघडेल, हे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पण बाईंनी ते इतकं ठासून सांगितलं होतं, की वाक्य तेवढं लक्षात राहिलं.

तर स्लॅबचा दिवस. मजूर उजाडताच आले. मिक्सरचा धडधडाट सुरू झाला आणि मळ्यातल्या साळुंक्या एकदम उठल्या. खडी, वाळू, सिमेंट, पाणी, आणि मग बाया-माणसांची साखळी लागली. खालून वर घमेली निघाली, वरून रिकामी घमेली खाली फेकली जाऊ लागली. मुकादम शिडीवर उभा राहून ओरडत होता. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वर चढले होते. वरून त्यांनी मला हात केला, आणि चार लोकांत असं करणारा माझा नवरा नव्हता! मजुरांच्या जेवणाचं आत्या बघत होत्या, जिलबी मागवली होती. मला नुसतं इकडून तिकडे पळावंसं वाटत होतं.

मामांना आम्ही बांधावरच्या लिंबाखाली खुर्ची दिली होती. मला वाटलं होतं, हा माणूस आज मुकादमाला जगू देणार नाही. पाणी जास्त झालं, खडी कमी झाली, हे नाही तर ते. पण मामा गप्प होते. मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी बशी हातात घेतली, ती हळूहळू तिरपी झाली आणि चहा धोतरावर ओघळला. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ते मिक्सरकडे बघत होते.

"शाळा सुटली का गं?" त्यांनी विचारलं.

मला आधी हसू आलं. वाटलं, मजुरांच्या गलक्याला शाळा म्हणतायत. मी म्हटलं, मामा, स्लॅब पडतोय आपला. त्यावर ते म्हणाले की घंटा झाल्याशिवाय पोरांना सोडू नका. बशी काढून घेताना माझा हात त्यांच्या हाताला लागला तर तो कोमट नव्हता, चांगला गरम होता. मी विचारलं, पोट दुखतंय का? त्यांनी स्वतःच्या पोटाकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं. मी हलकेच हात ठेवला तशी ते दचकले आणि तोंड वाकडं केलं.

मी आत्यांकडे पळाले. आत्या म्हणाल्या, ऊन लागलं असेल, आणि आनंदाने मेला डोळ्याला डोळा लागला नाही ह्यांचा दोन दिवस. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघा, आज घरचं मोठं कार्य आहे. त्यांचंही खोटं नव्हतं. मामांना दोन दिवस झोप नव्हती, आणि ऊनही होतं. मला स्वतःलाच क्षणभर वाटलं, आपण उगीच तर करत नाही ना? मग डॉक्टरबाईंचं ते वाक्य आठवलं. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणांपैकी एक असती तर मी कदाचित थांबले असते. इथं तिन्ही होत्या.

मी यांना खाली बोलावलं. ते शिडी उतरून आले, अंगभर सिमेंटचे शिंतोडे. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा मामांकडे. स्लॅब सुरू झाला की मधे थांबवता येत नाही, अर्धा वाळला आणि अर्धा नंतर टाकला तर जोड राहतो आणि जन्मभर गळतो. हे मामांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. मीच म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा. मामांना मी नेते. आत्या येतील माझ्यासोबत."

"तुला जमेल?"

"जमेल."

सासरी आल्यापासून असं तोडून मी कुणाशीच बोलले नव्हते. ते धावत हमरस्त्याकडे गेले आणि रिक्षा घेऊनच परतले. रिक्षात मामा आम्हा दोघींच्या मधे बसले, आत्या त्यांचा हात धरून होत्या आणि मी रिक्षावाल्याला सारखी सांगत होते, खड्डे चुकवा. भीती तर होतीच, पण खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. आपण काहीतरी करतो आहोत, आणि ते बरोबर आहे, ह्याचा एक हुरूप अंगात आला होता. त्या दिवसापर्यंत मी नाशकात एकटीने भाजीसुद्धा घासाघीस करून घेतली नव्हती.

डॉक्टरबाई वॉर्डातच होत्या. मी सांगायला लागले तोवर त्यांनी मामांची नाडी धरलीही होती. त्यांनी मामांना एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितला. मला आश्चर्य वाटलं, पण मास्तरांच्या डोक्याची परीक्षा घ्यायला त्याहून सोपं काय असणार? मामांनी सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक... आणि तिथं ते थांबले. परत एके एकोणतीसपासून सुरू झाले, परत तिथंच थांबले. आत्यांनी पदराने तोंड झाकलं. शेजारच्या खोलीत पोरांकडून पाढे म्हणवून घेताना ज्याचा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता, तो माणूस त्रिकावर अडला होता.

बाईंनी लगेच पोटाला सुई लावली. आधीच्या खेपांना मी ते पाणी पाहिलं होतं. पिवळसर, पातळ, आरपार दिसणारं. ह्या वेळी सिरिंजमध्ये जे वर चढलं ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. बाईंनी सिरिंज खिडकीकडे धरली आणि म्हणाल्या, "बघ. हेच सांगत होते तुला." मग त्या स्वतः ते पाणी घेऊन प्रयोगशाळेकडे जवळजवळ पळत गेल्या.

परत आल्या त्या एका सर्जनना घेऊन. सर्जन उंच, गंभीर माणूस. त्यांनी पोट दाबून पाहिलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. पाण्यात पू आहे, म्हणजे आतड्याला कुठंतरी भोक पडलं असणार, पोट उघडून ते शिवायला हवं. बाईंचं म्हणणं होतं, भोक नाही. उभं करून एक्स-रेचा फोटो काढला, त्यात पोटात हवा सुटलेली दिसत नाही, पोट फळीसारखं कडकही झालेलं नाही. अशा लिव्हरच्या पेशंटला भूल दिली आणि कापलं तर तो टेबलावरून उठणार नाही. सर्जन म्हणाले, आणि भोक असलं तर? बाई म्हणाल्या, मग मी चुकले म्हणून सगळ्यांसमोर सांगेन, पण आधी मला इंजेक्शनं देऊन बघू दे. दोघं भांडत नव्हते. दोघांनाही मामा वाचायला हवे होते, म्हणून ते बोलणं ऐकताना माझ्या अंगावर काटा येत होता.

शेवटी ठरलं की इंजेक्शनं सुरू करायची, सर्जननी रोज दोनदा येऊन पोट बघायचं, आणि जरा जरी बिघडलं तरी कापायचं.

मी बाईंना विचारलं, भोक नाही तर जंतू आत गेले कसे? त्या तेवढ्या घाईतही थांबल्या. म्हणाल्या, "तुमचं बांधकाम चालू आहे ना? भिंतीला भोक नसतानाही ओल येते की नाही? आतड्यात जंतू असतातच, तुझ्या-माझ्याही. लिव्हर धड असली की ती पहारा देते. ह्यांची लिव्हर थकलीय. जंतू झिरपले, आणि बाहेर आयतं पाणी साठलेलं."

आत्यांनी विचारलं, आमच्या हातून खाण्यापिण्यात काही झालं का? बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, कुणाच्याच हातून काही झालेलं नाही. आत्या तेव्हा रडल्या.

संध्याकाळी हे आले. कचेरीतला नीटनेटका माणूस, पण त्या दिवशी भुवयांवर सिमेंट वाळलेलं, केस पांढरे, हातांना भेगा. सिस्टरने त्यांना दारातच अडवलं, आधी हातपाय धुऊन या म्हणाली. ते धुऊन आले, मामांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाबा, स्लॅब झाला. सगळा झाला."

मामांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कितवीत आहेस तू?"

यांनी उत्तर दिलं, चौथीत. दुसरं काय म्हणणार? मग ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. त्यांनी मला विचारलं की सकाळी तुला शंका आली कशी, आणि मी डॉक्टरबाईंचं वाक्य सांगितलं. ते म्हणाले, मी तिथं असतो तर संध्याकाळपर्यंत थांबलो असतो. नंतर ते औषधाच्या दुकानात गेले. बाईंनी लिहून दिलेलं इंजेक्शन तेव्हा बाजारात नुकतंच आलेलं होतं आणि ते सगळीकडे मिळत नव्हतं. पण यांनी ते शोधून आणलं.

इंजेक्शन शिरेतून, आणि वर एक दाट गोड औषध, ज्याने जुलाब होतात आणि डोकं साफ होतं. मामांना गोड आवडत नसे. चमचा तोंडाशी नेला की ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मी त्यांना म्हणायची, गुरुजी, तोंड उघडा, नाही तर बाकावर उभं करीन. शुद्धीतल्या मामांशी अशी बोलायची माझी छाती नव्हती. तेव्हा मात्र ते आज्ञाधारकपणे तोंड उघडायचे आणि समोरच्या खाटेवरचे मालेगावचे एक विणकर चाचा खो-खो हसायचे.

दोन दिवस काही कळेना. ताप थोडा उतरला, परत चढला. सर्जन येत, पोट बघत आणि परत जात. मग एका सकाळी डॉक्टरबाईंनी पुन्हा सुई लावली. मी सिरिंजकडे बघत होते. पाणी वर चढलं. पिवळं होतं! अजून अगदी आरपार नव्हतं, पण सिरिंजमागचं बाईंचं बोट मला त्यातून दिसत होतं. बाईंनी मला ते बोट हलवून दाखवलं. त्याच दिवशी जंतू वाढवून बघतात तो अहवाल आला. बाई सर्जनना म्हणाल्या, "एकाच जातीचे निघाले. भोक असतं तर चार जातींचे निघाले असते." सर्जननी अहवाल वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि मामांच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, बरं झालं मास्तर, आपली भेट इथंच झाली, आत ऑपरेशनच्या टेबलावर झाली नाही.

मामांना त्यातलं काही कळलं की नाही कोण जाणे. दुपारी ते डोळे मिटून पडले होते. मी उशाशी बसले होते. एकदम त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाणी."

मी ग्लास भरला, डोक्याखाली हात घातला. त्यांनी ग्लास बाजूला सारला.

"मला नाही गं. स्लॅबला. वाफे करून पाणी भरलं का? उन्हाने तडे जातील."

मग मी इतक्या मोठ्याने आत्यांना हाक मारली, की सिस्टर धावत आली. तिला वाटलं, मामा गेले. चाचांनी तिला सांगितलं, कुछ नहीं हुआ, मास्तर जाग गये. आत्या आल्या, मामांनी त्यांना विचारलं की घरी पाणी कोण मारतंय, आत्यांना रडता रडता सांगता येईना. यांनी रोज कचेरीच्या आधी आणि नंतर जाऊन पाणी भरलं होतं, ते मीच सांगितलं. डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी पाढा विचारला. मामांनी त्रिक सत्त्याऐंशी झटक्यात ओलांडलं आणि दाहे दोनशे नव्वदपर्यंत गेले, वर विचारलं, तीसचा म्हणू का? तो सोपा आहे. आख्खा वॉर्ड हसत होता.

पुढं काय झालं तेही इथंच सांगते. बाईंनी घरी सोडताना आमच्यापासून काही लपवलं नाही. हे परत होऊ शकतं, लिव्हर काही नवी झालेली नाही, असं त्यांनी मामांच्या समोरच सांगितलं, कारण मामांनीच तसं सांगायला लावलं. गिलावा पुरा व्हायच्या आत आम्ही नव्या घरात राहायला गेलो. मामा तिथं दोन वर्षांच्या आसपास राहिले. माझी मुलगी त्या काळात झाली. मामा तिला पोटाला टेकवून बसवायचे आणि मला म्हणायचे, बघ, हिच्यासाठी आरामखुर्ची वाढवली. मग पुन्हा एकदा पाणी बिघडलं. त्या वेळीही आम्ही लगेच नेलं, पण किडन्या थांबल्या आणि मामा गेले. बाई त्या दिवशी आमच्याजवळ बराच वेळ बसल्या होत्या.

पण दवाखान्यातून सोडलं त्या सकाळचं सांगायचं राहिलं. रिक्षा घरी न नेता मामांनी ती सरळ इंदिरानगरकडे वळवायला लावली. आत्या रागावल्या, उपयोग झाला नाही. प्लॉटवर कुणीच नव्हतं, नुसते सेंट्रिंगचे टेकू आणि त्यांच्यामधली सावली. हे कचेरीत होते. मामांना शिडी चढणं शक्य नव्हतं. त्यांनी शिडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी पदर खोचला आणि चढले. बांबूची शिडी, प्रत्येक पायरीला करकरायची. वर डोकं काढलं आणि मी बघतच राहिले. सगळ्या स्लॅबवर मातीचे लहान लहान बांध घालून वाफे केलेले, प्रत्येक वाफ्यात पाणी, आणि त्या पाण्यात आभाळ. पलीकडे मळे, हमरस्त्यावरचे ट्रक, लांबवर पांडवलेण्यांचा डोंगर. इतक्या उंचावरून स्वतःचं काही मी तोवर पाहिलंच नव्हतं. मी चपला काढून आत उतरले. पाणी उन्हाने कोमट झालं होतं.

खालून मामांचा आवाज आला, "तडे दिसतात का?"

मी वाकून, एकेका वाफ्यात बघत, टोकापर्यंत गेले. "नाही मामा, एकही नाही."

"कोपऱ्यात बघ. संडासाच्या वरचा कोपरा."

मी कोपऱ्यात गेले. तिथल्या वाफ्यात एक साळुंकी आंघोळ करत होती, मी आल्यावर ती उडून कठड्याच्या सळईवर बसली. मी सांगितलं, इथंही नाही, आणि साळुंकी आंघोळीला आलीय. खालून मामांचं हसू ऐकू आलं, दमल्या माणसाचं, पण चांगलं मोकळं.

"पाणी किती आहे?"

"घोटा बुडेल इतकं."

"पुष्कळ झालं," मामा म्हणाले. "आता उतर. हळू ये, उलटी उतर, खाली बघू नकोस."